दोनाने भागायची ओळ

दुसऱ्याच्या चुका काढणं हा पुष्कळांचा फुकटचा छंद असतो. प्रूफबाईंना त्याचा पगार मिळायचा. शाळेच्या पोरांसाठी गाइडं छापणाऱ्या कंपनीत, दुसऱ्या मजल्यावर, जिन्याला लागून असलेल्या अरुंद खोलीत बाई बावीस वर्षं प्रूफं वाचत होत्या. अंबाड्यात लाल पेन खोचलेलं, हातात स्टीलची पट्टी. पट्टी ओळीखाली धरायची, ओळ वाचायची, पट्टी खाली सरकवायची. जेवायच्या सुट्टीत डबा ज्या कागदात गुंडाळून आणला तो कागदसुद्धा त्या आधी वाचायच्या आणि मग डबा उघडायच्या.

ही सवय घरी जाताना खुंटीला अडकवून ठेवता येत नाही. एकदा नणंदेचं चार पानी पत्र आलं, ख्यालीखुशालीचं. बाईंनी ते लाल शाईने दुरुस्त करून उलट टपाली परत पाठवलं, का, तर तिला पुढच्या वेळी उपयोग होईल! नणंद ते जन्मात विसरली नाही. चार माणसं जमली की ती हटकून म्हणायची, "आमच्या वहिनी फार हुशार हो. फक्त गणितात तीनदा आपटल्या."

आणि ते खरं होतं, हीच तर रड होती. शालान्त परीक्षेत बाकी सगळे विषय पहिल्या फटक्यात सुटले. गणित तीनदा राहिलं. पास व्हायला पस्तीस लागायचे. पहिल्यांदा एकतीस, मग तेहतीस आणि तिसऱ्यांदा पुन्हा एकतीस. चौथ्यांदा बसायच्या आधी लग्न झालं आणि बाई सुटल्या. म्हणजे त्यांना तसं वाटलं. कारण नोकरी लागली ती गाइडांच्या कंपनीत, आणि पहिल्याच दिवशी टेबलावर येऊन पडलं ते बीजगणिताचं गाइड.

गाइड होतं एका मोठ्या प्राध्यापकांचं. मुखपृष्ठावर त्यांचा फोटो, गालावर हात टेकलेला. ते प्रूफ बघत नसत. "बाई, तुम्ही आहात ना? मग मी कशाला बघू?" एवढं बोलून ते दोन कप चहा पिऊन निघून जायचे. बाईंना बीजगणित कळत नव्हतं, पण ते दिसायला कसं असावं हे त्यांना आठवड्याभरात पक्कं कळलं. वरच्या ओळीतला आकडा खालच्या ओळीत तसाच उतरला पाहिजे. सहा असतील तर सहा. वर सहा आणि खाली पाच दिसले की समजायचं, छापखान्यात खिळे जुळवणाऱ्या जुळाऱ्याने घोटाळा केला.

त्याच पहिल्या वर्षी पूर्ण वर्ग पद्धतीचं प्रकरण आलं. वर्गसमीकरण सोडवायची ही एक रीत. क्ष वर्ग आणि क्षची काही पट एका बाजूला ठेवायची, क्षच्या मागचा आकडा निम्मा करायचा, त्याचा वर्ग करायचा, तो दोन्ही बाजूंना मिळवायचा. मग डावीकडे नेमका एक पूर्ण वर्ग तयार होतो, वर्गमूळ काढलं की क्ष हातात. का निम्मा, का वर्ग, का मिळवायचा, हे शाळेत बाईंना कुणी सांगितलं नव्हतं, आणि त्यांनीही विचारलं नव्हतं. विचारणाऱ्याला बाकावर उभं करायची पद्धत होती.

सरावसंचात दहा उदाहरणं. पहिली नऊ गुण्यागोविंदाने गेली. दहावं होतं: दोन क्ष वर्ग अधिक चार क्ष वजा शहाण्णव बरोबर शून्य. त्याच्याखाली हस्तलिखितात प्राध्यापकांच्या गिचमिड अक्षरात एक ओळ होती, 'दोन्ही बाजूंना दोनाने भागून.' आणि तिच्याखाली क्ष वर्ग अधिक दोन क्ष बरोबर अठ्ठेचाळीस. बाई थबकल्या. वर चार, खाली दोन? वर शहाण्णव, खाली अठ्ठेचाळीस? आणि ही भागायची ओळ तर आधीच्या नऊ उदाहरणांत कुठेच नाही! म्हातारा लिहिता लिहिता डुलकी मारून गेला असणार, दुसरं काय.

बाईंनी ती ओळ खोडली आणि समासात लिहिलं, 'अनावश्यक.' दोनाचे चार केले, अठ्ठेचाळीसचे शहाण्णव केले. मग पुढचं जुळवणं आलं. चाराचे निम्मे दोन, दोनाचा वर्ग चार, शहाण्णव आणि चार शंभर. शंभराचं वर्गमूळ दहा! बाईंच्या अंगावर मूठभर मांस चढलं. क्ष बरोबर आठ किंवा उणे बारा. इतकं गोल, इतकं देखणं उत्तर चुकीचं असेल असं कुणाच्या बापाला तरी वाटेल का? दोन क्ष वर्गातला तो दोन वाटेत कुठे गळून पडला, ते मात्र बाईंच्या ध्यानात आलं नाही. त्याच्याकडे बघायला वेळ कुणाला होता? बाकीचं सगळं एका रांगेत उभं होतं.

गाइड छापलं गेलं, आणि पुढे जे झालं त्याला तोड नाही. पोरं गाइडातून पाठ करायची. मास्तर त्याच गाइडातून फळ्यावर उतरवून द्यायचे. परीक्षेचा पेपर काढणारे त्याच गाइडातून उदाहरण उचलायचे, आणि दहाव्यावर तर त्यांचा भारीच जीव, कारण उत्तर गोल. आदर्श उत्तरपत्रिका बनवणारेही शेवटी माणसंच. तेही गाइड उघडायचे. उत्तर समीकरणात घालून ताळा बघावा, असं त्या सगळ्या साखळीत एकाच्याही मनात आलं नाही. आलं असेल त्या पोराला शून्य मिळालं. बावीस वर्षांत बावीस आवृत्त्या निघाल्या. प्राध्यापक वारले, त्यांच्या फोटोला मुखपृष्ठावर काळी चौकट आली, आणि आठ आणि उणे बारा तसेच दिमाखात बसून राहिले.

मग थोरल्या मालकांनी कारभार जावयाच्या हाती दिला. जावई कुठूनसा व्यवस्थापन शिकून आला होता. आल्याआल्या त्याने ऑफिसात एक पाटी लावली, 'गुणवत्ता हीच ओळख', आणि पाटीत ओळखचा 'ओ' तिरका लागला होता तो बाईंनी त्याला दाखवून दिला. त्याने त्यांचं ते बोलणं मनात ठेवलं असेल की नाही, देव जाणे. पण महिन्याभरात फर्मान निघालं: शालान्त प्रमाणपत्र नसेल त्याला शेवटच्या प्रूफावर सही करता येणार नाही. अशा माणसाची बदली खाली गोदामात, गठ्ठे बांधायला.

"साहेब, बावीस वर्षं झाली मला," बाई म्हणाल्या.

"म्हणूनच वर्षभराची मुदत देतोय ना, बाई," जावई गोड हसून म्हणाला. "एकच विषय तर राहिलाय. आणि तुम्हाला काय अवघड? गाइड तर तुमचं तोंडपाठ असेल!"

गठ्ठे बांधायला बाईंची ना नव्हती, पण ती खुर्ची, ती पट्टी, ते लाल पेन गेलं तर आपल्याजवळ राहतं काय? एक्कावन्नाव्या वर्षी त्यांनी परीक्षेचा अर्ज भरला. नणंदेला कळवायचं नाही अशी नवऱ्याला शपथ घातली. त्याने ती दोन दिवस पाळली.

नवरा शिंपी. कपडे आल्टर करून द्यायचा, पुढच्याच खोलीत मशीन टाकून. गणिताशी त्याचा संबंध टेपापुरता. बाई त्याच्यासमोर जमिनीवर वही घेऊन बसायच्या आणि मोठ्याने घोकायच्या, "निम्मे करा, वर्ग करा, मिळवा. निम्मे करा, वर्ग करा, मिळवा."

"अगं, पण कशासाठी?" एके दिवशी सकाळी त्याने दात आणि सुई यांच्यामधून विचारलं.

"मला काय माहीत? रीत आहे तशी."

"हे बरं आहे. मी गिऱ्हाइकाला म्हणतो, बाही निम्मी कापली, रीत आहे तशी."

बाई चिडल्या. चिडून त्यांनी टाकून दिलेल्या प्रूफांचे कागद घेतले आणि कातरून जमिनीवर मांडले. हा एक चौरस, याची बाजू क्ष. म्हणजे हा झाला क्ष वर्ग. आणि ही लांब पट्टी, रुंदी सहा, ही झाली सहा क्ष. नवरा मशीन थांबवून बघत होता. तो खाली उतरला, पट्टी उभी मधोमध कापली, एक तुकडा चौरसाच्या उजवीकडे लावला, एक खाली लावला.

"बघ, जवळजवळ मोठा चौरस झाला," तो म्हणाला. "कोपरा तेवढा उघडा राहिला. तीन बाय तीनचा तुकडा लाव तिथे, झालं काम. शेंबड्या पोराला कळेल."

बाई बघतच राहिल्या. निम्मे म्हणजे पट्टीचे दोन तुकडे! वर्ग म्हणजे तो कोपरा! मिळवायचं म्हणजे ठिगळ लावायचं! तीस वर्षं ज्याला त्या भीत आल्या ते एवढंच होतं? त्यांना रडू आलं आणि हसूही आलं. नवऱ्याला वाटलं, सुई टोचली.

त्या जोशात बाईंनी सगळा सरावसंच कागद कापून सोडवला. नऊ उदाहरणं झाली. दहाव्याला त्यांनी दोन चौरस मांडले, कारण दोन क्ष वर्ग. आणि चाराची पट्टी. आता दोन चौरसांचा मिळून एक चौरस करायचा कसा? पट्टी इकडे लावून बघितली, तिकडे लावून बघितली. जमेना.

"दोन आहेत तर दोघांना वाटून दे," नवरा म्हणाला. "पट्टी निम्मी याला, निम्मी त्याला. दोन्ही सारखेच. मग एक बाजूला ठेव आणि एकच शीव."

बाईंचा हात थांबला. एकाच्या वाट्याला दोनाची पट्टी, आणि शहाण्णवातले अठ्ठेचाळीस. दोनाने भागून. त्यांनी पुढचं मुकाट्याने सोडवलं. दोनाचे निम्मे एक, एकाचा वर्ग एक, एकोणपन्नास, वर्गमूळ सात. क्ष बरोबर सहा किंवा उणे आठ. मग त्यांनी बावीस वर्षांत प्रथमच गाइडातल्या आठाचा ताळा घेतला. आठाचा वर्ग चौसष्ट, त्याची दुप्पट एकशे अठ्ठावीस, त्यात चारा आठे बत्तीस मिळवून एकशे साठ, त्यातून शहाण्णव गेले. यायला हवं होतं शून्य, आले चौसष्ट.

म्हातारा डुलक्या घेत नव्हता. डुलकी आपण घेतली होती.

"काय गं, पांढरी का पडलीस?" नवऱ्याने विचारलं. "काही नाही," त्या म्हणाल्या, आणि कागदाचे तुकडे गोळा करून टाकले.

दुसऱ्या दिवशी त्या जावयासमोर उभ्या राहिल्या. दहावं उदाहरण चुकलं आहे, म्हणाल्या. जावयाने पुस्तक उघडलं, उत्तर बघितलं, पुस्तक मिटलं.

"बाई, बावीस आवृत्त्या! आजपर्यंत एक तक्रार नाही. म्हणजे बरोबरच आहे की ते." मग त्याने डोळे बारीक केले. "आणि चूक असलीच तर कुणाची?"

बाईंच्या ओठावर शब्द आला होता. खरंच आला होता. पण समोर गोदामाचा जिना दिसत होता. "प्राध्यापकांचीच असेल," त्या म्हणाल्या. "वयही झालं होतं त्यांचं." मेलेला माणूस काय, कोर्टात थोडाच येतो! जावई म्हणाला, मग तर विषयच संपला, मोठ्या माणसाची चूक आपण कोण काढणार? त्या दिवशी बाईंना डबा गेला नाही.

परीक्षेच्या हॉलमध्ये बाई सगळ्यांत मोठ्या. पर्यवेक्षिकाच त्यांच्या निम्म्या वयाची, तिने आधी बाईंनाच "मॅडम, तुमची ड्यूटी कुठल्या खोलीत?" असं विचारलं. पेपर हातात आला. बाईंनी येतं ते सगळं लिहून काढलं आणि गुणांची बेरीज मारली. तेहतीस पक्के. भूमितीचं काही खरं नव्हतं. उरलं चार गुणांचं शेवटचं वर्गसमीकरण. दोन क्ष वर्ग अधिक चार क्ष वजा शहाण्णव.

आता तुम्ही म्हणाल, बाईंनी ताठ मानेने सहा आणि उणे आठ लिहिलं असेल. गोष्टीतल्या बायका लिहितात तसं. पण तपासणाऱ्याच्या हातात कुठलं उत्तर असणार, हे त्या हॉलमध्ये एकट्या बाईंना माहीत होतं, कारण ते त्यांनीच बनवलं होतं. खरं लिहिलं तर तेहतीस आणि गोदाम. खोटं लिहिलं तर सदतीस आणि खुर्ची. त्यांनी पट्टी लावून समास आखला, आणि स्वतःची चूक स्वतःच्या हाताने, पायरीपायरीने, मोत्यांसारख्या अक्षरात उतरवली. क्ष बरोबर आठ किंवा उणे बारा. खाली दोन रेघा मारल्या. हॉलमधून बाहेर पडताना त्यांना स्वतःची इतकी लाज वाटली की ओळखीची भाजीवाली हाक मारत होती तिच्याकडेही त्यांनी बघितलं नाही.

सदतीस मिळाले. जावयाने सगळ्या ऑफिससमोर पेढ्यांऐवजी भाषण वाटलं. नणंदेचं अभिनंदनाचं पत्र आलं, त्यात सात चुका होत्या, बाईंनी एकीलाही हात लावला नाही. प्रमाणपत्र जावयाने चौकटीत घालून बाईंच्याच खोलीत लावायला लावलं. रोज प्रूफ वाचताना मान वर केली की समोर ते सदतीस. त्यातले चार कसले आहेत ते चौकटीला माहीत नव्हतं.

तेविसाव्या आवृत्तीचं प्रूफ आलं तेव्हा बाईंनी कुणाला विचारलं नाही. आता सही त्यांची चालत होती. दहाव्या उदाहरणात त्यांनी 'दोन्ही बाजूंना दोनाने भागून' ही ओळ घातली, सहा आणि उणे आठ घातले, खाली ताळाही घातला, आणि सही ठोकून छपाईला पाठवून दिलं.

शाळा उघडल्या आणि पत्रांचा पाऊस पडला. बावीस वर्षांत जे मास्तर पोस्टकार्डाला महाग होते ते एकदम लिहिते झाले. 'आपल्या दर्जेदार गाइडात अक्षम्य चूक.' 'दहाव्या उदाहरणात भलतीच ओळ घुसली आहे.' एकाने तर 'हल्ली मुद्रितशोधक अशिक्षित असतात काय?' असं विचारलं होतं. त्या पत्रात बाईंना तीन चुका सापडल्या. ताळा समोर छापलेला होता, पण तो वाचायचा कुणी? जावई ताडताड वर आला. शुद्धिपत्र छापा, जुनं उत्तर परत घाला, सोमवारी मजकूर माझ्या टेबलावर पाहिजे, म्हणाला, आणि पत्रांचा गठ्ठा आपटून गेला.

बाई गठ्ठा वाचत बसल्या. शेवटचं पत्र रांगेत बसणारं नव्हतं. अक्षर थरथरतं, शाई निळी.

'मी निवृत्त शिक्षक आहे. नातीसाठी आपलं गाइड आणलं. त्यातला ताळा मी करून पाहिला. बरोबर आहे. मी एकोणीस वर्षं आठ आणि उणे बारा शिकवलं. एका वर्षी माझ्या वर्गातल्या एका मुलीने सहा आणि उणे आठ काढलं होतं. सर, ताळा बघा ना, असं ती म्हणत होती. मी बघितला नाही. उलट बोलते म्हणून तिला तास संपेपर्यंत उभं केलं, आणि वर्ग तिला हसला. परीक्षेतही तिने तेच लिहिलं आणि दोन गुणांनी राहिली. घरच्यांनी पुन्हा बसवलं नाही. आता ती कुठे आहे मला ठाऊक नाही. चूक माझी होती की पुस्तकाची, एवढं कळवाल का? झोप लागत नाही.'

बाईंनी पत्र दोनदा वाचलं. एकतीस, तेहतीस, एकतीस करत स्वतः घरी बसलेली बाई, आणि आपण एका बरोबर उत्तर काढणाऱ्या पोरीला घरी बसवलं! ही एक तरी कळली, न कळलेल्या किती? त्यांना हुंदका आवरला नाही. जिन्यावरून चहावाला वर येत होता, तो तसाच परत खाली गेला.

मग त्यांनी डोळे पुसले, कंपनीचा छापील कागद घेतला आणि लिहिलं:

'आदरणीय सर, तुम्ही ताळा बघितला नाही, एवढी चूक तुमची. बाकीची माझी. प्राध्यापकांनी बरोबर लिहिलं होतं. दोनाने भागायची ओळ मी काढली, मला गणित येत नव्हतं म्हणून. पुढे येऊ लागलं तेव्हा मी ती चूक त्यांच्या नावावर ढकलली, आणि परीक्षेत तेच खोटं उत्तर लिहून पास झाले. त्या मुलीचा पत्ता मिळाला तर मला द्या. तिला हे मी स्वतः जाऊन सांगेन. ती म्हणेल ते उभी राहून ऐकून घेईन.'

खाली पूर्ण नाव, हुद्दा आणि तारीख घातली. मग तोच मजकूर त्यांनी दुसऱ्या कागदावर उतरवला, वर 'शुद्धिपत्र' असं शीर्षक दिलं, आणि सोमवारची वाट न बघता खाली जाऊन जावयाच्या टेबलावर ठेवला.

त्याने वाचला. पुन्हा वाचला. "बाई, हे छापलं तर तुम्हाला गोदामातसुद्धा ठेवता येणार नाही, कळतंय का?"

"कळतंय, साहेब," बाई म्हणाल्या. "मजकूर एकदा तपासून घ्या. त्यात चूक नको."